मेषानंद महाराजांची जंतधुरी

"पडले! पडले!" असा ओरडा झाला आणि सगळी गर्दी परातीवर वाकली. पाण्यावर खरंच पांढरे, वळलेले, बारीक बारीक जंत तरंगत होते. ज्या मेंढीच्या तोंडातून ते पडले म्हणे, ती बिचारी धुरानं ठसकत, डोळ्यांतून पाणी गाळत उभी होती. कुणीतरी तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मेंढीनं तो तिथल्या तिथं खायला घेतला.

अक्कलकोटच्या खाली, कर्नाटकाच्या शिवेला लागून असलेल्या त्या गावात पावसाळा सरता सरता कळपच्या कळप खंगले होते. मेंढरांच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, डोळ्यांच्या कडा कागदासारख्या पांढऱ्या पडायच्या आणि सकाळी काटेरी कुंपणाच्या वाडग्यात एखादं आडवं सापडायचं. अशा वेळी मेषानंद महाराज पांढऱ्या मोटारीतून अवतरले. सोबत शहरातल्या सात रस्ता चौकातून छापून आणलेला फलक होता: 'हिमालयीन वनौषधी धुरी. पोटातले जंत डोळ्यांदेखत बाहेर.' महाराज हिमालयात कधी गेले होते, ते फलकावर नव्हतं.

महाराजांची रीत ठरलेली. परातीत पाणी, पाण्यात वीट, विटेवर निखाऱ्यांचं खापर. निखाऱ्यावर तेल लावलेल्या औषधाची चिमूट पडायची, मेंढीचं तोंड त्यावर धरायचं आणि वरून घोंगडी. आत चटचट आवाज होई. बाहेर महाराजांचं निरूपण चाले.

"जंत म्हणजे काय? जंतर! जंतराला उतारा काय? मंतर! डॉक्टर लोक पोटात औषध घालतात. अहो, चोर घरात असताना वरून आणखी पाहुणा कशाला घालता? आम्ही चोराला दारातून बाहेर काढतो!"

लोक माना डोलवत. महाराज पैशाला शिवत नसत. ते फक्त एक कोकरू घेत, तेही धडधाकट. आजारी कोकरू अर्पण करणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं.

त्या दिवशी हार खाणारी मेंढी निंगप्पाची होती. निंगप्पाचा मुलगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला, त्यामुळं कळप पाहायचा तो सासरा आणि सून श्रीदेवी या दोघांनी. परातीतले जंत पाहून निंगप्पाला रडू आलं. श्रीदेवीनंही हात जोडले. पण घरी दाखवावेत म्हणून तिनं त्यातले चार जंत हळदीच्या रिकाम्या डबीत भरून घेतले.

त्याच आठवड्यात एका सकाळी मेंढी मेली. मागं दूधपितं कोकरू राहिलं.

"जंत निगाले व्हते. तिचं आयुष्यच न्हवतं," निंगप्पा म्हणाला. "महाराज म्हनतात, हे कोकरू दिलं की बाकीचा कळप वाचतोय."

श्रीदेवी कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिचा हात थांबला. "मामा, एक इचारू? जंत पोटात व्हते. तोंडातनं निगाले. मंग एक तरी घशात चिकटला असता की. आन् हे डबीतले बघा. पानी घातलं तरी हालत न्हाईत, वळवळत न्हाईत."

"देवाच्या कामात खोड काडू नगं!" निंगप्पा कडाडला. आयुष्यात पहिल्यांदाच तो सुनेवर असा ओरडला होता. श्रीदेवीचे डोळे भरले. तिनं कोकरू मांडीवरून खाली ठेवलं, पदरानं डोळे पुसले आणि तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

डॉक्टर अंकिता दुपारी आली. बाभळीखाली तिनं मेलेल्या मेंढीचं पोट उघडलं. आत लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यांसारख्या किड्यांचा गुंता वळवळत होता. निंगप्पानं तोंड फिरवलं.

"हे खरे जंत," डॉक्टर म्हणाली. "रक्त पितात. एकही बाहेर गेलेला नाही. आता तुमची डबी बघू." तिनं भिंग काढलं. मग हसू दाबत म्हणाली, "याला ना तोंड, ना आतडं. हा किडाच नाही. हा बियातला कोंब आहे. दातातली कीड काढून देतो म्हणणारे पूर्वी हाच खेळ करायचे. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर तडकतात, आतला वाकडा कोंब उडून पाण्यात पडतो."

"तोंडानं सांगून कुनी ऐकनार न्हाय," श्रीदेवी म्हणाली. "दावायला पायजे."

संध्याकाळी पारासमोर महाराजांची बैठक भरली होती. डॉक्टर पुढं झाली तशी महाराजांनी डोळे मिटले. "अश्रद्धेची सावली पडली की जंत पडत नाहीत."

"मग तुम्ही बसा. मीच धुरी देते," डॉक्टर म्हणाली आणि पिशवीतून बांधावर वेचलेल्या भुईरिंगणीच्या बिया काढू लागली.

निंगप्पा उसळून उठला. अजूनही त्याला वाटत होतं, महाराज खोटे ठरणार नाहीत. "तुमचं बी कशाला? महाराजांचीच पुडी घ्या. मंग कळंल खरं काय ते!" आणि कुणी अडवायच्या आत त्यानं चौरंगावरची पुडी उचलून डॉक्टरच्या हातात दिली. महाराजांचे मिटलेले डोळे खाडकन उघडले.

"कुणाची मेंढी आणता?" डॉक्टरनं विचारलं. कुणी पुढं येईना. महाराजांचा कोप कोण ओढवून घेणार?

"मेंढरू कशाला पायजे?" मागून श्रीदेवीचा आवाज आला. "महाराजांची गाडी उभी हाय की. तिला द्या धुरी."

लोक हसले. पोरांनी परात मोटारीच्या तोंडासमोर नेलीसुद्धा. बॉनेटवरून घोंगडी सोडली. डॉक्टरनं पुडीतली चिमूट निखाऱ्यावर टाकली. चट चट चट! धूर निवळला, घोंगडी उचलली. पाण्यावर पांढरे, वळलेले, बारीक बारीक जंत तरंगत होते.

मग म्हातारा रुद्रप्पा टाळी देत ओरडला, "यप्पा! गाडीला जंत झाल्यात की रे!"

"डिझेल अंगी लागत नसंल तिच्या!"

"महाराज, गाडीनं दिलं का कोकरू?"

हसण्याचा असा गलका उठला की महाराजांचा शापसुद्धा कुणाला ऐकू गेला नाही. कोकरं कुठं आहेत, असं चौघांनी मोटारीचं दार धरून विचारलं, तेव्हा 'आश्रमात' आणि 'बाजारात' अशी दोन उत्तरं महाराज आणि ड्रायव्हर यांच्या तोंडून एकदमच निघाली. तिथून पुढची चौकशी पोलीस पाटलानं हातात घेतली.

निंगप्पा एकटाच हसत नव्हता. तो परातीशी उकिडवा बसून होता.

"म्हंजी झाडपाल्यात कायच न्हाय म्हना की," रुद्रप्पा डॉक्टरला म्हणाला.

"असं मी कुठं म्हटलं? पळसाच्या बिया, कडुलिंब, अशांवर अभ्यास चाललेत. कशाकशात गुण दिसतोही. पण किती द्यायचं, गाभण मेंढीला सोसतं का, दिल्यावर लेंडीतली जंतांची अंडी किती घटली, हे बघितल्याशिवाय त्याला औषध म्हणायचं नाही. पाला हिमालयातला असो नाहीतर बांधावरचा."

दुसऱ्या दिवशी कळपाला दवाखान्यातलं औषध पाजलं. कोकरू घरीच राहिलं.

मग पंधरवड्यानं एका सकाळी निंगप्पा दवाखान्यात हजर झाला. सोबत श्रीदेवी, हातात ताज्या लेंड्यांची पिशवी. "म्याडम, तुमच्या औषदानं जंत मेले का, ते बी बघा."

तिथला मदतनीस चिडला. "आजोबा, आता डॉक्टरवर पण संशय?"

"का? त्यांनीच सांगितलंय की, बघितल्याबिगर औषद म्हनू नगा," निंगप्पा म्हणाला.

डॉक्टर हसली, काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डोळा लावला. हळूहळू तिचं हसू ओसरलं. "अंडी अजून बरीच आहेत," ती म्हणाली. "माझं औषध तुमच्या कळपाला पुरतं लागू पडलेलं नाही. हे जंत त्याला सरावलेत. बदलून देते. आणि मामा, बरं झालं विचारलंत. विचारलं नसतं, तर मला माझी चूक कळलीच नसती."

निंगप्पानं सुनेकडं पाहिलं. "मी न्हाय इचारलं, म्याडम. हिनं इचारायला शिकवलं. मी वरडलो व्हतो तिच्यावर."

श्रीदेवीनं मान खाली घातली, पण तिला हसू लपवता आलं नाही.

धुरी देणारा असो की सुई टोचणारा, जो औषध देतो त्याला 'गुण दाखवा' म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. खरा असेल तो काचेला डोळा लावून बघेल आणि चुकला असेल तर तसं सांगेल. जो डोळे मिटून घेतो, त्याच्या हाती आपलं जित्राब देऊ नये.