गुडाखूची डबी

तोंड उघडा.

पुंडलिकराव उघडेनात. दुर्गच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होते. महिनाभर ताप, हृदयाच्या झडपेवर जंतूंच्या मऊ गाठी. एखादी तुटली की थेट मेंदूत. म्हणून आज भिलाईत ऑपरेशन, आणि भूल मी देणार.

"काही खाल्लंय?"

"काई नाई, साधना मॅडम," त्यांची बायको भागाबाई म्हणाली. "पानी बी नाई."

मी ओठ वर केला. हिरड्या काळपट, रक्ताळलेल्या. गूळ-तंबाखूचा वास.

"हे काय?"

"गुडाखू. खाल्ला कुठं? दातांले घासला."

"याच हिरड्यांतून जंतू रक्तात जातात. आम्ही सुयांनी औषध घालतोय आणि तुम्ही रोज—"

"डबी मीच आणतो," भागाबाई उसळली. "सिविक सेंटरच्या बाजारातून. तुमच्या सुयांनी ताप उतरला का? माह्या मायनं जन्मभर घासला."

"मग तिलाच बोलवा भूल द्यायला."

"मेली ते."

पुंडलिकराव पहिल्यांदा बोलले. "मले या बाईच्या हातची भूल नोको."

मूठ उघडा.

शेवटी भागाबाईनेच त्यांना राजी केलं. पण टेबलावरही डबी मुठीत. कुठे लपवली होती कोण जाणे.

"मेलो तरी सोडन नाई."

सर्जन म्हणाले, "पुढे ढकलू?"

"झडप उद्यापर्यंत थांबणार नाही. गिळलेलं मी नळीने काढते."

असल्या हृदयाला भूल एकदम देत नाहीत. थोडी. रक्तदाब पाहायचा. पुन्हा थोडी. तेवढा सगळा वेळ ते माझ्याकडे रोखून पाहत होते. पापणी

मिटली. डबी फरशीवर वाजली. रक्तदाब कोसळला; मी औषधाने ओढून वर आणला.

झडप बदलली. एक गाठ मात्र अर्धीच सापडली. उरलेली अर्धी कुठे गेली, कोणालाच माहीत नव्हतं.

डोळे उघडा.

संध्याकाळ. घशात नळी. काचेमागे भागाबाई.

"पुंडलिकराव, डोळे उघडा!"

उघडले. माझ्यावर थांबले. मग उजवा हात उठला, बोट हिरडीकडे निघालं, नळीवर आपटलं.

डावा पडूनच होता.

नळी उपटू नये म्हणून मी उजवा कॉटच्या दांडीशी दाबून धरला. डाव्याकडे पाहत राहिले. हलव. हलव ना, मेल्या.

डावा आला तो सरळ माझ्या तोंडावर. चष्मा उडाला.

भागाबाई दार ढकलून आत. "बांधू नोका यायचा हात! कावून बांधून राहिल्या?"

"दोन्ही बांधणार," मी म्हणाले आणि पट्टी मागितली. "दोन्ही!"