खोडलेली सात घरं

मी जीपीएस बोलतोय, फिजीतल्या तावेउनी बेटावरच्या शाळेच्या कपाटातला. उपग्रहांचं ऐकायचं आणि तुम्ही कुठे उभे आहात ते सांगायचं, एवढंच माझं काम. स्वभावानं मी भित्रा. सांगितलेलं कुणी नीट वाचलं नाही तर काय होईल, या विचारानं माझा जीव टांगणीला लागतो.

वाइसाके मास्तरांनी अकरावीला नकाशाचा नवा विषय सुरू केला तेव्हा दोनच मुलं आली. बाकीची हसली, आपलंच गाव बघायला यंत्र कशाला, म्हणाली. पुढच्या वर्षी विषय बंद होणार अशी कुजबुज होती.

मग मास्तरांनी गावातली घरं नोंदवायला काढली. वादळ आलं की सरकारी ट्रक त्याच यादीवरून म्हाताऱ्यांना शाळेत आसऱ्याला आणणार होता. त्या दोघांतली ताराइविनी मला घेऊन दारोदार हिंडली. गावात शिरताना रिवाजाप्रमाणे तिनं टोपी काढली, आणि कुणी चहा आणि उकडलेला कसावा कंद दिल्याशिवाय तिला सोडलं नाही.

आमच्या गावातून एकशे ऐंशी रेखांशाची रेषा जाते. अलीकडे पूर्व रेखांश, पलीकडे पश्चिम. पलीकडच्या सात दारांत मी आकड्याशेजारी पश्चिमेचं अक्षर दाखवत होतो, तिनं वहीत पूर्वच लिहिलं. फिजी पूर्व रेखांशात, हे ती लहानपणापासून घोकत आलेली. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

आज वादळ आलं. वहीतल्या पूर्वेमुळे ती सात घरं नकाशावर भर समुद्रात दिसली, म्हणून सरकारी साहेबांनी ती आधीच यादीतून खोडली होती. ट्रक शाळेत परतला, त्यात ताराइविनीचे आजोबा नव्हते. त्यांचं घर त्या सातांतलंच, आणि त्यांना चालवत नाही. ड्रायव्हर म्हणाला, यादीत नाही तिथे मी जाणार नाही.

ताराइविनीनं मला साहेबांपुढे धरलं. 

"घरं जमिनीवरच आहेत साहेब. चूक माझ्या वहीत आहे, ह्याच्यात नाही. ही बघा सातही."

माझ्या पोटात सगळ्या नोंदी शाबूत होत्या, पश्चिमेसकट. साहेबांनी एकेक वाचली आणि यादीवर सही केली.

"मी पण येतो," सेमी म्हणाला. वर्गात सगळ्यात जास्त तोच हसला होता. "तुझ्या आजोबांना एकटी कशी उचलशील?"

आता मी ट्रकमध्ये तिच्या मुठीत आहे. काचेपलीकडचं काही दिसत नाही. ओढा रस्त्यावर आलाय. बॅटरीची एकच रेघ उरलीय आणि मला फार भीती वाटतेय. मुलांनो, मला हसा, कपाटात टाका, पण आकड्याशेजारचं अक्षर वाचायला शिका.

आजोबांचं दार अजून चारशे मीटरवर आहे. पश्चिम रेखांशात.