पाणी मारून इस्त्री

दाक्षायणीला दिवसभर एकच काम. गणवेशाच्या कारखान्यात प्रेसिंगच्या टेबलापुढं उभं राहायचं, शर्टावर पाणी मारायचं, इस्त्री दाबायची, घडी घालून पुढं सरकवायचं. लग्नानंतर लागली ती अजून तिथंच. संध्याकाळी घरी आली की पाय भिंतीला लावून पडायची, तेव्हा तिला कुणी हाक मारलेलीसुद्धा नको वाटायची. आणि अशा बाईला कामावरनं सुटल्यावर नवी पेठेत इस्त्रीच खरेदी करायला जावं लागलं, आता बोला!

कपड्यांची नव्हे, केसांची. तिच्या पोरीला, उत्कर्षाला, लग्नाच्या साड्यांच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर घ्यायला तयार होते. तिथल्या मॅडमनी सगळं विचारलं, बोलणं आवडलं म्हणाल्या, आणि शेवटी डोक्याकडं बघून म्हणाल्या, "उद्या मालक बघतील. केस तेवढे स्ट्रेट करून ये." आता पोरीचे केस म्हणजे दाट, कुरळे, कंगव्याचे दात मोडणारे. हुबेहूब आईचे. आडातच कुरळं, तर पोहऱ्यात सरळ कुठनं येणार?

ही नोकरी हुकली तर पुढचं ठरलेलंच होतं. कारखान्यातल्या अण्णाराव सुपरवायझरनं शेजारचं टेबल पोरीसाठी राखून ठेवलं होतं, आणि येता-जाता ते उपकार बोलून दाखवायचा. ते ऐकलं की दाक्षायणी इस्त्री आणखी जोरात दाबायची. आपले पाय गेले ते गेले, पोरीचे जायला नकोत, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दुकानदारानं काचेवर चार-पाच स्ट्रेटनर मांडले. उत्कर्षाला नाजूकसा गुलाबी आवडला.

"तो पातळ केसाला," दाक्षायणी म्हणाली. "जाड कापडाला रुंद इस्त्री लागती."

दुकानदारानंही मान डोलावली. दाट केसांना रुंद पट्टीचा, आणि उष्णता कमी-जास्त करायचं बटण असलेलाच घ्या, म्हणाला. तिनं तसला एक उचलला, पट्टीवरनं अंगठा फिरवला, कड कुठं खरखरीत नाही ना ते बघितलं. मग उलटापालटा करून विचारलं, "ह्याला वाफ कुठनं येती?"

"ह्याला वाफ नसती, मावशी."

"वाफ न्हाय? मग सुरकुती कशी जाणार?"

दुकानदार फिदीफिदी हसला. उत्कर्षा लाजेनं अर्धी झाली आणि पिशवी घेऊन आईला ओढतच बाहेर पडली. पुढचं काही विचारूच दिलं नाही, तिथंच सगळा घोळ झाला.

सकाळी उत्कर्षानं मोबाइलवर बघत बघत पुढचे केस स्वतःच केले. झकास झाले. पण मागं हात पुरेना, खांदे भरून आले, बटा निसटायला लागल्या. "अव्वा, मागचं तू कर की," ती म्हणाली. घरात कन्नड-मराठी मिसळूनच चालायचं, पण आई कायम अव्वाच.

दाक्षायणी चहा तसाच टाकून उठली. तिचा खांदा कालपासनं ठणकत होता. पण इस्त्री हातात आली आणि हात चालू झाला, डोक्याला विचारतंय कोण! डाव्या हातानं बट ताणली, तांब्यातलं पाणी बोटांनी सपकन मारलं, आणि पट्टी मिटून कॉलरवर धरतात तशी दाबून धरली.

चर्रर्र!

"अव्वा! जळायलंय! सोड, सोड!"

धूर निघाला, जळक्या केसांचा वास घरभर सुटला, आणि बटेचं टोक तुटून दाक्षायणीच्या हातात आलं.

"पाणी मारलंस?"

"वाफ नव्हती की गं त्याला…"

"केस आहेत ते, शर्ट नाही! जन्मभर प्रेसिंगवालीच राहिलीस तू!"

बोलून गेली पोरगी. दाक्षायणीला असा राग आला की तो स्ट्रेटनर भिंतीवर आपटावा. जिच्यासाठी उभं राहून राहून पायाच्या शिरा फुगल्या, तिनंच हे बोलावं? पण भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि तिच्यात तो उरला नव्हता.

"व्हय," ती म्हणाली. "प्रेसिंगवालीच हाय मी. म्हणून तर तुला नको म्हणते. बस खाली."

उत्कर्षा नाक ओढत बसली. दाक्षायणीनं तिचे केस टॉवेलनं टिपले, पंख्याखाली खडखडीत वाळवले. मग उष्णता कमी केली, बोटभर बट घेतली, आणि न दाबता, कुठं न थांबता, पट्टी मुळापासनं टोकापर्यंत हळू ओढत नेली. हात दाबायला बघायचा, ती त्याला आवरायची. जळकी बट वरच्या केसांखाली झाकली. सगळं होईतोवर कारखान्याची वेळ टळून गेली होती, अर्ध्या दिवसाचा खाडा पडला.

पोरगी आरशापुढं उभी राहिली. केस कसे पाठीवर सरळ पडले होते. देखणी दिसत होती, कुणीही म्हटलं असतं. गल्लीतल्या म्हाताऱ्या तिला पाठमोरी बघूनसुद्धा 'दाक्षायणीची का गं?' म्हणायच्या, आज कुणी ओळखली नसती. दाक्षायणीला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, आणि दोन्हीचा विचार करत बसायला सवड नव्हती.

संध्याकाळी उत्कर्षा पेढे घेऊनच आली. मालकांनी बघितलं आणि लगेच घेतलं. दाक्षायणीनं अण्णारावला फोन लावला आणि ते टेबल आता दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं, चांगलं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा. मग ती आडवी झाली. उत्कर्षा पाय चेपायला बसली.

"अव्वा, सकाळचं मनावर घेऊ नको."

"न्हाय गं."

"रोज असंच यायचं म्हणाल्या मॅडम. मागचं तू करशील ना? आता जमलंय की तुला."

"करीन. जरा लवकर उठू." दाक्षायणीनं कूस बदलली. "रविवारी मात्र मी निजणार. तू पण डोकं धू, तेल लाव, तुझे केस तुझे असू देत."

उत्कर्षाचे हात थांबले.

"लग्नसराई आहे, अव्वा. रविवारीच जास्त गर्दी असते."

दाक्षायणीनं उजवा पाय ओढून घेतला, डावा पुढं केला.

"बरं," ती म्हणाली. "डावा पाय चेप आता."