शिकलेली चाळणी

कार्यालयाचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. माणसांसमोर माझी जीभ टाळूला चिकटते. यंत्राला मात्र मी सारे नीट समजावू शकतो.

प्रत्येकाचा कचरा वेगळा असतो, हे मला या कामात उमगले. म्हणून मी मेलला अशी चाळणी लावली की, जो तो आपल्या ‘स्पॅम’ फोल्डरमध्ये जे टाकील, ते सर्व्हरने दर तासाला वाचावे आणि त्या माणसापुरते शिकून घ्यावे. पुरेसे शिकल्यावर तसली मेल दारातूनच परत फिरे, सोबत माझे एक वाक्य घेऊन: ‘आपले पत्र स्वीकारण्याची संबंधितांची इच्छा नाही.’ त्या वाक्यावर मी अख्खी दुपार घालवली होती. ते रुक्ष वाटू नये, एवढीच माझी धडपड होती.

या व्यवस्थेचे परिपत्रक निघाले. आवक-जावक सांभाळणाऱ्या काकांनी त्यावर शिक्का मारला, नोंद केली आणि न वाचताच ते फाइलला लावले.

दोन महिन्यांनी तेच काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“काय रे, तुझं मशीन मेल गिळतं का?”

“कुणाची मेल, काका?”

“पोरीची. सात वर्षांनी लिहायला लागली. पाच पत्रं आली. नातीला घेऊन इथून जाणार आहे, गाडी वीस मिनिटं थांबते, स्टेशनवर याल का, म्हणाली. मी लिहिलं, ये. दिवस कळवते म्हणाली, आणि मग चिडीचूप.”

पलीकडून हिशेबनीस बाईंनी मान वर केली. “अहो, घराबाहेर तुम्हीच काढलंत ना तिला? आता मशीनला कशाला बोल लावता?”

“तुम्ही तुमची बेरीज बघा, बाई.”

“मग तुम्हीच विचारा की तिला,” मी हळूच म्हणालो.

“मी? येणाऱ्यानं कळवायचं असतं.”

मी त्यांचे खाते उघडले. इनबॉक्समध्ये मुलीचे एकही पत्र नव्हते.

“आधीची पाच कुठे आहेत?”

काकांनी आवाज खाली आणला. “स्पॅममध्ये ठेवलीत. या बाईचा डोळा सारखा माझ्या पडद्यावर असतो. तिथे कोण बघायला जातंय?”

तिथे दर तासाला माझा सर्व्हर बघायला जात होता. त्यांच्या नावावर शिकलेल्या शब्दांची यादी मी काढली. सर्वांत वर, सर्वाधिक गुण मिळवून, एक शब्द बसला होता: बाबा.

परत पाठवलेल्या पत्रांच्या नोंदीत केवळ विषय उरतात. चार होते. ‘मंगळवारी, अकराची गाडी’. ‘बाबा, हे परत का आलं?’ ‘बाबा, खरंच इच्छा नाही?’ आणि तो मंगळवार उलटल्यावर, चौथा: ‘कळलं’.

पडदा माझ्याकडे वळलेला होता.

“आलं होतं का काही?” काकांनी विचारले.

खरे उत्तर त्या चार ओळींत होते, आणि त्यांना परत धाडणारे वाक्य माझ्या हातचे होते. साहेबांनी याच व्यवस्थेसाठी भर सभेत माझी पाठ थोपटली होती.

“नाही, काका.” मी नोंदी मिटवल्या; पडद्यावर त्यांचा स्पॅम फोल्डर तेवढा उरला.

काकांनी खुर्ची ओढून घेतली. “आईवर गेली आहे. आशेला लावायचं आणि तोंड फिरवायचं.” मग पडदा आपल्याकडे वळवून त्यांनी माझ्या हातातला माऊस घेतला. “ही पाच तरी कशाला ठेवू?”

थांबा, हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला. काकांनी सावकाश, एकेक करून, पाचही पत्रे पुसली. बाई हसल्या. “सुटलात बघा!”

ते गेल्यावर मी त्यांच्या चाळणीने शिकलेले सारेच पुसून टाकले. तेव्हापासून त्यांचे दार सताड उघडे आहे. केस उगवण्याच्या औषधांपासून परदेशी सोडतींपर्यंत सगळे आत येते. काका रोज सकाळी शिक्क्याची पेटी बाजूला सारून त्यातले प्रत्येक पत्र उघडतात आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.