महिपतची पेटी

मालिनीने आंब्यांवर पेंढ्याचा शेवटचा थर दाबला आणि पेटीच्या झाकणावर खिळा धरला, तोच करुणा अंगणात शिरली. शेजारच्या बँकेतली ही पोर एरवी फाटकातूनच 'काकू, चहा टाका' म्हणून ओरडायची. आज तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"काकू, ही पेटी कुणाला?"

"कुणाला म्हणजे? महिपतला. पहिली पेटी माहेरची, हे काय आजचं आहे?"

लांज्याहून आफ्रिकेत जाऊन ट्रकांचा मालक झालेला महिपत मालिनीचा एकुलता भाऊ. आईवडिलांमागे तोच तिचं माहेर.

करुणाने आवाज उतरवला. "त्यांचं नाव सरकारच्या यादीत आलंय, काकू. तिकडे शांततेची बोलणी चाललीत ना, ती मोडायला जे बॉम्ब लावतात, त्यांना तुमचे भाऊ पैसा पुरवतात म्हणे. आमच्या शाखेतलं त्यांचं खातं आज गोठवलं. आता त्यांना काही द्यायचं नाही. पैसा नाही नि वस्तूही नाही."

"आंबेच तर आहेत गो!" मालिनीचा नवरा परशुराम टेंपोजवळून ओरडला. "लांज्याच्या चुलतभावाच्या नावाने पाठवू."

"काका, तुरुंगात जाल."

मालिनीला राग आला. शाळेत दुसऱ्याने मार खाल्ला तरी घरी येऊन रडणारा तिचा भाऊ, आणि बॉम्ब? दुसऱ्या कुणाच्या नावाशी नाव जुळलं असणार. सरकारी कारभार तो!

तेवढ्यात फोन वाजला. पेटी निघाली का, हे विचारायला महिपत दरवर्षी असाच फोन करी. मालिनी फोन घेऊन विहिरीकडे गेली आणि तिने सरळ विचारलं.

"घाबरू नको, ताई," तो हसला. तेच मऊ, लाडाचं हसू. "थोडी कळ काढ. पुढच्या बैठकीला माणसं पोचणारच नाहीत, तशी सोय झालीय. बोलणी फिसकटली की खातंही सुटेल. पेटी तेवढी पाठव हां."

"कधी आहे बैठक?" आपला आवाज इतका साधा निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

"सोमवारी. का गो?"

"सहज."

ती परत आली तेव्हा टेंपोवाला हॉर्न वाजवत होता आणि परशुरामने पेटी उचलली होती.

"खाली ठेवा ती."

परशुरामने पेटी खाली टेकवली. करुणाला हायसं वाटलं. ती निघायला वळली, तशी मालिनीने तिचं मनगट धरलं. 

"महिपतबद्दल काही सांगायचं झालं, तर ते सोमवारच्या आत कुणाला सांगायचं गो?"