मुक्यांचं मंडळ

खैरपाड्याच्या पंचशील क्रीडा मंडळानं कबड्डीत ब गटातून अ गटात उडी मारली ती एकदाच, चौऱ्याण्णव सालच्या माघात. पुढच्याच साली तिथून सपाटून आपटी खाल्ली ती गोष्ट वेगळी. पण ती एक बढती पाडा अजून चघळतो. शेणव्याच्या रस्त्याला फाट्यावर उतरा आणि पहिला दिसेल त्या माणसाला विचारा. त्याची गाय सुटलेली असली तरी तो थांबेल आणि तुम्हाला पहिल्या सामन्यापासून सगळं सांगेल. डोळखांबकडच्या धिप्पाड पोरांना कसं लोळवलं, पंचानं कशी गडबड केली, मुरबाडच्या शेवटच्या सामन्यात रत्नदीपनं कशी एका चढाईत तिघांना शिवून मध्यरेषा गाठली, सगळं. शिट्टी वाजली की गोष्ट संपते. त्यापुढं काय झालं ते विचारलंत, तर त्याला एकदम गायीची आठवण होईल.

रत्नप्रभा ही त्या रत्नदीपची थोरली बहीण. तिला गावातच दिलेली, नवरा कल्याणला नोकरीला, आणि तोंडाचा पट्टा असा की बाया म्हणायच्या, हिची कॅसेट अडकते पण थांबत नाय. ती भात लावताना बोलायची, भांडी घासताना बोलायची, ऐकायला कुणी नसलं तर कोंबड्यांशी बोलायची. घरात रेडिओ सदा चालू. लोक हसायचे. तिलाही त्यांनी हसलेलं परवडायचं. पूर्वी ती अशी नव्हती, हे मात्र हसणाऱ्यांतले निम्मे विसरून गेले होते. माणसं गप्प झाली की हिच्या छातीत धडधड सुरू व्हायची, आणि ती शांतता मोडायला ती काहीबाही बोलत सुटायची, इतकाच तो प्रकार होता.

ही शांतता आली कुठून ते सांगायला हवं.

त्या वर्षी मंडळाकडं ना धड पोशाख होता ना पैलवान. होता तो एक रत्नदीप, काटकुळा, बरगड्या मोजून घ्याव्या असा. पण दम दांडगा. तेव्हा आपल्याकडच्या सामन्यांना चढाईचं घड्याळ नव्हतं. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत जोवर दम टिकेल तोवर समोरच्यांच्या अंगणात नाचायचं. हा असा नाचायचा की समोरचे थकून चुका करायचे. मंडळाचा मुख्य चाहता केरू, आसनगावहून लोकलनं रोज कामाला जाणारा. खेळता एक दिवस आलं नाही त्याला, पण एकही सामना चुकवला नाही. पहिल्याच सामन्यात बाकीची माणसं बोंबलायला लागली, तसा तो खेकसला, “गप रे! त्यानं दम धरलाय तर आपन पन धरायचा. आपला दम त्याला लागंल.”

आणि झालं. रत्नदीप अदबीनं वाकला, मैदानाची माती कपाळाला लावली, रेषा ओलांडली, की पाड्याची सगळी माणसं, बाया, म्हातारेकोतारे गाल फुगवून गप्प. दुसऱ्या गावची माणसं ढोल बडवतायत आणि ही तोंडं मिटून बघतायत. तो परत आला की सगळ्यांचा मिळून एकच ‘हाऽऽ’. समोरच्या पोरांना त्या ढोलांचं काही वाटायचं नाही, पण या शांततेनं त्यांचे पाय लटपटायचे. तालुक्यात नावच पडलं, मुक्यांचं मंडळ. सामना जिंकला की श्रेय कुणाचं यावर घरी जाताना भांडणं व्हायची. ‘मी शेवटपर्यंत धरलेला, तू मधीच सोडलास,’ असली. रत्नप्रभा तेव्हा पोटुशी होती, तरी टेंपोत बसून प्रत्येक सामन्याला गेली आणि प्रत्येक चढाईला गाल फुगवले. भावाचं तिला भारी कौतुक. लहानपणी तिनंच त्याला कडेवर वागवलेला.

मुरबाडला शेवटचा सामना जिंकला तेव्हा दुपार कलत होती. बढती मिळाली. निळ्या-लाल गुलालानं सगळे ओळखू येईनासे झाले. बारकूच्या टेंपोतून, ज्यातून एरवी पेंढ्याच्या गठड्या जायच्या, माणसं नाचत निघाली. वाटेत काळू नदी लागली. अंग धुवायला टेंपो थांबवला.

रत्नदीप एका खडकावर चढला. खाली डोह, फार खोल नाही, दोन पुरुष पाणी. त्यानं वाकून ओंजळभर पाणी घेतलं, मैदानातली माती लावावी तसं कपाळाला लावलं, आणि हसत ओरडला, “ए बाय, बघ! चढाई!”

उडी मारली.

“धरा रे दम!” केरू म्हणाला.

सगळ्यांनी धरला. रत्नप्रभा पाण्यात पाय सोडून बसली होती, तिनंही धरला. काठावर पाखरू बोलेना. मग एकेकाचा सुटायला लागला. एक हसला, दुसरा खोकला. रत्नप्रभानं पोटातल्या बाळापायी लवकर सोडला आणि स्वतःवरच हसली. मंडळातला गोजर म्हणाला, “आज पोरगा रेकॉर्ड करतोय.” केरूचा चेहरा लाल झाला, डोळे बाहेर आले, तरी त्यानं सोडला नाही. सगळ्यात शेवटी सोडला आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, “मानला बाबा तुला!” त्यावर पुन्हा सगळे हसले. वाट बघत राहिले. मजा बघत राहिले.

बारकू या खेळात नव्हता. तो वर रस्त्यावर टेंपोचं चाक बघत होता. हात पुसत खाली आला आणि म्हणाला, “रत्नदीप कुठंय?”

पाय कपारीत अडकला होता. काठापासून एवढ्याशा अंतरावर.

पाड्यात कुणी कुणाला दोष दिला नाही. देणार कोण? काठावर तर सगळेच होते. आईबापही गाल फुगवून उभे होते, ते पुढं दोघंही त्याच गोष्टीनं खचत गेले. दोष सगळ्यांचा असला की तो कुणाच्याच दारात जात नाही, नुसता गावात हिंडतो.

दोन महिन्यांनी रत्नप्रभाला मुलगी झाली, पौर्णिमा. बाळ जन्मल्याबरोबर रडलं नाही. दाईनं पाठीवर थापट्या मारल्यावर रडलं. बस, लोकांना तेवढं पुरलं. “मामाचा दम पोरीत आलाय,” असं कुजबुजायला लागले. पोर चालायला लागली तशी चाहते मंडळी तिला अडवून म्हणायची, “पौर्णिमे, दम धरून दाव बरं.” पोर खुशीत गाल फुगवायची, आणि ही मोठाली माणसं तिच्याकडं अशी टक लावून बघायची की जणू तिच्यातून दुसरंच कुणीतरी वर येणार आहे. एकदा रत्नप्रभानं ते पाहिलं आणि हातातली केरसुणी घेऊन गोजरच्या अंगावर धावली. त्यानंतर तिच्यासमोर कुणी तसं केलं नाही. माघारी करत असावेत. झोपलेल्या मुलीच्या नाकापुढं बोट धरून बघायची सवय रत्नप्रभाला तेव्हाच लागली, ती पोर मोठी झाली तरी गेली नाही.

दरवर्षी त्या तिथीला संध्याकाळी केरूच्या अंगणात माणसं जमतात. चहा, कांदाभजी. केरू तो हंगाम सांगतो, बाकीचे दुरुस्त्या करतात. रत्नप्रभाही जायची. तिच्या कानावर रत्नदीपचं नाव मोठ्यानं पडायचं असं वर्षातून ते एकच ठिकाण. नाहीतर घरातसुद्धा सगळे ‘तो’, ‘त्याचं’ असंच बोलायचे. केरू रंगात येऊन शेवटची चढाई सांगायचा, “रेषेला हात लागला, शिट्टी वाजली!” आणि थांबायचा. मग अंगणात कुणी बोलायचं नाही. सगळ्यांच्या छात्या थांबलेल्या. त्यांना स्वतःला ते कळतही नसावं, पण चौदा वर्षं ती माणसं त्या जागी येऊन श्वास धरत होती. रत्नप्रभाला काठ दिसायचा. मग तीच घाईनं म्हणायची, “भजी संपली का रं? एवढीच तळली व्हती?” आणि माणसं सुटल्यासारखी हलायची.

आणि आता पौर्णिमा कबड्डी खेळायला लागली.

शाळेत सुरू झालं, ते रत्नप्रभाला आधी कळलंच नाही. मग एका संध्याकाळी ती भाकरी थापत होती आणि परसात आवाज आला, कबड्डी कबड्डी कबड्डी, एका पट्टीत, न थांबता. तोच ताल. शेवटच्या अक्षरावर जरासा हेल देण्याची तीच लकब, जी पोरीनं कधी ऐकलेली नव्हती. रत्नप्रभाचा हात परातीत तसाच राहिला. आवाज चालला, चालला, आणि थांबला. ती पिठाचे हात घेऊन परसात धावली. पौर्णिमा कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी होती.

“काय झालं गो आई?”

“काय नाय. दम कुणी शिकवला तुला?”

“कुणी नाय. येतो.”

त्याच आठवड्यात केरू आला. वर्षं त्याच्यावरूनही गेली होती. रेल्वेचा पास अजून खिशात असायचा, पण स्टेशनचा जिना चढताना त्याला आता कठडा धरावा लागायचा. मंडळानं मुलींचा संघ काढला होता, शहापूरला किशोरी गटाचे सामने होते.

“बाय, पोरीला सोड,” तो म्हणाला. “ब गटात हाय संघ. तिच्यासारखी चढाई करनारी असंल, तर पुन्यांदा…”

“पुन्यांदा काय? पुन्यांदा नदीवर न्याल?”

रत्नप्रभा त्याच्यावर तुटून पडली. “तुमाला माजी पोर नको हाय. तुमाला तिच्यातला तो पायजे. जलमल्यापासून बघतेय मी. तिचा दम मोजता तुमी!”

“आमाला अजून काय हाय बाय?” केरू हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात इतका दीनवाणेपणा होता की तिला रागही पुरता धरता येईना.

दारातून पौर्णिमा म्हणाली, “आई, मला खेळायचंय. मामासाठी नाय. मला आवडतं.”

रत्नप्रभानं पुष्कळ वेळ चूल फुंकली. पेटलेलीच होती, तरी फुंकली. मग म्हणाली, “खेळंल. पण केरूदादा, तुमी कुणी दम धरायचा नाय. एकानंपन. ओरडा, बोंबला, डबे बडवा. गप्प बसायचं नाय. सपत घ्या.”

केरूनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

शहापूरच्या मैदानावर ऊन चांगलंच होतं. पाड्यातून बारकूच्या नव्या टेंपोतून माणसं आली, केस पिकलेली, पोटं सुटलेली, आणि सोबत खरोखरच डबे घेऊन आली. सुरुवातीला बडवलेही. पौर्णिमाच्या पहिल्या चढायांना त्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. रत्नप्रभा सगळ्यांत वरच्या पट्टीत. तिला वाटलं, एवढंच करायचं होतं, मग इतकी वर्षं का नाही केलं?

शेवटी शेवटी बरोबरी झाली. आता चढाईला तीस सेकंद असतात, पंचाच्या हातात घड्याळ. पौर्णिमा मध्यरेषेशी आली. वाकली, माती कपाळाला लावली. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, सगळ्याच पोरी लावतात. पण तिनं रेषा ओलांडली आणि रत्नप्रभाच्या मागं एक डबा थांबला. मग दुसरा. तिनं वळून बघितलं. गोजरचे गाल फुगले होते. बारकूचे ओठ मिटलेले. केरू शपथ घेतलेला हात छातीवर दाबून उभा, चेहरा लाल. कुणी ठरवून केलं नव्हतं. त्यांना आठवणच राहिली नव्हती की आपण काय करतोय.

मैदानात एकटा आवाज उरला, कबड्डी कबड्डी कबड्डी.

रत्नप्रभाला पाण्याचा वास आला. पायाला पाणी लागलं. काठावर सगळे उभे, हसायच्या बेतात, आणि ती बसलेली. या वेळी ती बसली नाही.

“ए!” ती अशी ओरडली की पंचानंसुद्धा मान वळवली. “श्वास घ्या रे! मेल्यांनो, श्वास घ्या! पौर्णिमाऽऽ! ये मागं! वर ये गो बाय, वर ये!”

पौर्णिमा दचकली. तिनं आईकडं बघितलं आणि तिची कबड्डी मधेच तुटली. शिट्टी वाजली. पंचानं हात दाखवला, बाद. त्या गुणावर सामना गेला.

पाड्याच्या माणसांत कुणीतरी ‘काय हे’ म्हणालं. पौर्णिमा लाल होऊन, रडकुंडीला आलेली, तरातरा आईकडं आली. “तुझ्यामुळं गेला! माझा दम तोडलास तू! मी शिवणार होते गो तिला!”

रत्नप्रभा, चौदा वर्षं न थांबता बोलणारी बाई, पण तिला आता एक शब्द मिळेना.

केरू पुढं आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. “पोरी, तिच्यावर रागवू नको,” तो म्हणाला. “त्या दिशी नदीवर आमच्यातल्या एकानं जरी असं ओरडलं असतं ना…”

चौदा वर्षांत नदी हा शब्द मंडळातल्या एकाही माणसानं उच्चारला नव्हता. बारकूनं डबा खाली ठेवला. गोजर मातीत बसला आणि बाईमाणसासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

पौर्णिमाला सगळं समजलं असेल असं नाही. पण ती तशीच धापा टाकत आईला टेकून उभी राहिली. रत्नप्रभानं तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ वर येत होती, खाली जात होती, वर येत होती.

“आई, पुढच्या सामन्याला असं करशील?”

“करीन,” रत्नप्रभा म्हणाली.