ऐकून घेतलेला गिअरबॉक्स

माझ्या गॅरेजच्या भिंतीवर लाल रंगात एक ओळ आहे: ‘जुना पार्ट बघितल्याशिवाय पैसे नाहीत.’ मजकूर माझा, अक्षर रंगाऱ्याचं. रंगारी म्हणजे समोरच्या शेडमध्ये गाड्या रंगवणारा माझा तीस वर्षांपासूनचा दोस्त. गिऱ्हाईक मोबाईलवर जाहिरात दाखवत आलं की मी पाना खाली न ठेवता नुसतं भिंतीकडे बोट करायचो. पार्टवर कोरलेला नंबर मागा, त्याचा आजच्या वर्तमानपत्रासकट फोटो मागा, जमलं तर जाऊन हात लावून या आणि पैसे साइटच्या ताब्यात ठेवा, थेट कुणाला देऊ नका. हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की माझी बायको झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल.

मला सगळे ‘कान’ म्हणतात. गाडी वळणावर असतानाच मी सांगतो, पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. बॉनेट न उघडता सांगतो, कितव्या सिलिंडरची आग नीट लागत नाही. ही देवाची देणगी, माझं त्यात काही नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो. मनात मात्र थोडं माझंही आहे असं वाटायचं. दर आठवड्याला आमचं भजन असतं, तिथंही कुणाचा सूर केसभर उतरला तर मान आधी माझी वळते.

तर सिस्टरची गाडी. सिस्टर इस्पितळात नर्स आहे आणि पहाटेच्या पाळीला जाते. त्या वेळेला बस नसते. गाडी बारा वर्षांची, कंपनीने ते मॉडेलच बंद केलेलं, आणि गिअरबॉक्सच्या केसिंगला तडा जाऊन आतले दात भुगा झालेले. नवा मिळणार नव्हता. “काका, जुना बघा, पण चांगला बघा,” म्हणून तिने पूर्ण पैसे माझ्या हातात ठेवले. पावती मागितली नाही. “तुमच्याकडे पावती काय मागायची!” म्हणाली.

साइटवर एक जाहिरात सापडली. मी फोन लावला. पलीकडचा आवाज मऊ, घाई नसलेला, आणि त्याच्यामागे भजन चालू होतं. संथ लय, जुनी चाल, गाणाऱ्याचा गळा असा की ऐकताना मन धुऊन निघावं. मी पार्टचं विचारायचं विसरून म्हटलं, “काय सुरेख लावलंय हो तुम्ही!”

“सकाळपासून हेच चालू असतं, दादा. त्याशिवाय कामाला हात लागत नाही,” तो म्हणाला.

अर्धा तास आम्ही बोललो. त्यातली पाच मिनिटं गिअरबॉक्सवर. मग त्याने चालू गिअरबॉक्सचं रेकॉर्डिंग पाठवलं. गाडी जॅकवर चढवलेली, चाकं हवेत फिरताहेत, पाचही गिअर एकामागून एक लोण्यासारखे पडताहेत. कुठं घरघर नाही, कुठं दात खाल्ल्याचा आवाज नाही. मागे तेच भजन.

“साइटवरून भरलेत तर ते लोक पैसे आठ दिवस अडकवून ठेवतात, वर कापून घेतात,” तो म्हणाला. “थेट पाठवा ना. आपल्या आपल्यात तिसरा माणूस कशाला?”

आपल्या आपल्यात! ते शब्द मला किती गोड लागले, ते आज सांगतानाही मान वर होत नाही.

बायको भाजी निवडत होती. म्हणाली, “अहो, नंबरचा फोटो तरी मागवा.”

“अगं, मला माणूस ऐकून कळतो.”

“मला पंचवीस वर्षं ऐकताय. कळलं काही?”

मी हसलो आणि पैसे पाठवून दिले. सगळे. एकदम. सिस्टरचे. मग तसाच रस्ता ओलांडून रंगाऱ्याकडे गेलो आणि सांगितलं, “माणूस मिळालाय बघ, हिरा आहे. तुझ्या जावयाच्या टेम्पोला इंजिन हवंय ना? नंबर लिहून घे.”

दोन दिवस ‘निघालं, दादा’ असे निरोप आले. तिसऱ्या दिवशी पार्सलचा जो नंबर त्याने दिला, तो कुरिअरवाल्यांच्या यादीतच नव्हता. चौथ्या दिवशी फोन लागेना.

त्या दिवशी मी भिंतीकडे पाठ करून काम केलं.

खरं सांगायचं तर पैसे गेल्याचं दुःख दुसऱ्या नंबरचं होतं. तेवढे मी भरून देऊ शकलो असतो. पण माणसं काय म्हणतील? कानाला फसवलं, तेही कानानेच! बँकेत जायचं तर काउंटरवर सगळा बाजार उभा असतो, म्हणून गेलो नाही. बायकोला सांगायचं तर भाजीची जुडी डोळ्यांसमोर यायची, म्हणून सांगितलं नाही. सिस्टरचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, “बॉक्स ट्रकमध्ये चढलाय, वाटेत आहे.” भजनाला गेलो तो मागच्या रांगेत, खांबाआड बसलो. तोंड हलवलं, आवाज लावला नाही. देवासमोरही नुसतं तोंड हलवायची पाळी आली.

आणि रंगारी? त्याने पाचव्या दिवशी सहज विचारलं, “अरे, तुझा तो माणूस कसा आहे?” मी स्पार्कप्लग घासत होतो. म्हटलं, “बरा आहे.” मनाची समजूत घातली, की त्या माणसाचा फोन बंदच आहे, रंगाऱ्याला कुठं लागणार? खरं म्हणजे फोन फक्त माझ्यापुरता बंद होता.

सहाव्या दिवशी दुपारी रंगारी हातावर निळ्या रंगाचे शिंतोडे घेऊन आला आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

“ऐक. इंजिन आहे. तू हो म्हण, की मी इथूनच पैसे पाठवतो. त्याला सांगून ठेवलंय, माझा दोस्त कान आहे, त्याने ऐकल्याशिवाय व्यवहार नाही. तर म्हणतो कसा, ‘त्या दादांना ओळखतो मी, फार भला माणूस.’”

त्याने रेकॉर्डिंग लावलं. इंजिन वेगळं होतं, गाडी वेगळी होती. मागचं भजन तेच. दुसऱ्या ओळीच्या शेवटी, गाणारा श्वास घेतो तिथं, फरशीवर हातोडी पडल्याचा आवाज आला आणि लांबून कुणीतरी ‘ए!’ म्हणून ओरडलं. माझ्या गिअरबॉक्सच्या रेकॉर्डिंगमध्येही हातोडी तिथंच पडते. मी ते न्हाणीघरात नळ सोडून चाळीस वेळा तरी ऐकलं होतं. म्हणजे भजनाचं रेकॉर्डिंग एकच, वर पाहिजे तो पार्ट चिकटवायचा. जसं गिऱ्हाईक, तसा पार्ट. मी ज्याच्यावर भाळलो होतो ते त्याचं दुकान होतं.

“काय? बोल की,” रंगारी म्हणाला.

खरं काय ते तोंडावर आलं होतं. पण मी म्हटलं, “टॅपेट वाजताहेत. घेऊ नको.”

त्याने लगेच तसं लिहून पाठवलं. मिनिटभरात उत्तर आलं. रंगाऱ्याचा चेहरा उजळला. “बघ, किती सरळ माणूस आहे! म्हणतो, दादांचा कान खरा, त्या इंजिनात थोडं काम आहेच. दुसरं आहे त्याच्याकडे, याहून चांगलं आणि स्वस्त. रेकॉर्डिंग पाठवतोय. आता तर डोळे झाकून घ्यायला हवं.”

माझ्या खोट्याने त्या चोराला प्रामाणिकपणाचा दाखला मिळाला होता.

तेवढ्यात सिस्टर आली. पाळी संपवून थेट, पांढऱ्या कपड्यांत. स्टुलावर बसली, एक बूट काढला आणि टाच चोळत म्हणाली, “काका, आज तरी आला का हो बॉक्स? सहा दिवस चालतेय. पाय माझेच आहेत, पण कुरकूर तुमच्या नावाने करताहेत.”

रंगाऱ्याच्या मोबाईलवर दुसरं रेकॉर्डिंग वाजायला लागलं. भजन. पहिली ओळ. मला ठाऊक होतं पुढं काय येणार. रंगाऱ्याचा अंगठा पैसे पाठवायच्या बटणावर होता.

“आता हातोडी पडेल,” मी म्हटलं.

“काय?”

हातोडी पडली. ‘ए!’ झालं.

“पाठवू नको रे. तो चोर आहे,” मी म्हटलं. “सिस्टर, तुमचा बॉक्स वाटेत नाही. कधीच नव्हता. मी पैसे थेट पाठवले, आधी, सगळे. त्याच्याकडे भजन चालू होतं म्हणून.”

रंगारी आधी हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. मग माझ्याकडे बघून त्याने मोबाईल खिशात घातला.

“अरे, काल मी तुला विचारलं,” तो हळू म्हणाला. “तू म्हणालास, बरा आहे. काल माझ्याकडे पैसे जमले नव्हते म्हणून. नाहीतर कालच पाठवले असते मी, तुझ्या शब्दावर. जावयाच्या पोटावर पाय आला असता.”

मी सिस्टरकडे वळलो.

“पैसे मी भरून देतो, सिस्टर. उद्याच,” मी म्हटलं.

“ते द्याल, मला माहीत आहे.” तिने बूट घातला आणि लेस बांधता बांधता बोलत राहिली. “सोमवारी तुम्ही म्हणालात, ट्रकमध्ये चढला. मी आईला सांगितलं, दोन दिवस कळ काढ, मग तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गाडीने नेते. तेव्हाच खरं सांगितलं असतंत, तर मी कुणाची तरी गाडी मागितली असती. आमच्या वॉर्डातही येतात अशी माणसं. जखम लहान असते तेव्हा चादरीखाली लपवतात आणि वास सुटला की दाखवतात.” ती उठली. “चला.”

“कुठं?”

“बँकेत. मग पोलिसांत. की तिथंही मी एकटीने चालत जाऊ?”

बँकेत काउंटरची काच जाड होती. आतली मुलगी म्हणाली, “काका, जरा मोठ्याने.” मी मोठ्याने सांगितलं. “का पाठवलेत थेट?” तेही मोठ्याने सांगितलं. रांगेत मागे टायरवाला होता, बॅटरीवाला होता, आमच्या भजनातला पेटीवाला होता. सगळ्यांनी ऐकलं. मुलीने कुठंकुठं फोन केले आणि मान हलवली. “पार्सलचा नंबर खोटा निघाला त्याच दिवशी आला असतात, तर त्या खात्यातले पैसे अडवून ठेवता आले असते. आता खातं रिकामं दिसतंय. तक्रार मात्र लिहून घेते, पुढच्याला उपयोग होईल.” म्हणजे ज्या रांगेला मी तीन दिवस घाबरलो, तीच रांग संशय आला त्याच दिवशी लावली असती तर पैसे वाचण्याची आशा होती.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. मला वाटलं, आता नंबरचा फोटो निघेल, पंचवीस वर्षं निघतील. तिने माझ्यापुढे ताट ठेवलं. मग म्हणाली, “म्हणून नळ सोडून बसत होतात होय? मला वाटलं, रडताय की काय.”

दुसरा गिअरबॉक्स सिस्टरने स्वतः शोधला. माझ्यासमोर स्टुलावर बसून, मी सगळ्यांना ऐकवतो ती एकेक अट पाळत. नंबरचा फोटो मागितला, वर्तमानपत्रासकट. विकणारा तिरसट होता, एका शब्दाला एकच शब्द परत देणारा. पण फोटो त्याने दोन मिनिटांत पाठवला आणि पैसे साइटच्या ताब्यात राहायला त्याची काही हरकत नव्हती. पैसे माझ्या खात्यातून गेले, बटण तिने दाबलं.

खोकं आलं तेव्हा रंगारी मोबाईल घेऊन चित्रीकरणाला उभा राहिला. चार दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. “पट्टी कापताना हात दिसू दे,” तो म्हणाला. “आता नंबर वाच. मोठ्याने. बँकेत बोललास तसा.” मी वाचला. दोनदा वाचला. केसिंगवरून बोट फिरवलं, झाकण काढून दात मोजले, मग गाडीखाली शिरलो.

गाडी चालू झाली तेव्हा सिस्टर खिडकीतून म्हणाली, “आवाज कसा वाटतोय, काका?”

मला चांगला वाटत होता. तरी मी म्हटलं, “सिस्टर, तुम्ही चढावावरून एक फेरी मारून या आणि तुम्हीच मला सांगा. तोवर साइटवरचं ‘माल मिळाला’चं बटण दाबू नका, पैसे तिथंच राहू देत.”

ती गेली. चढ चढून, वळसा घालून आली. गाडी बंद केली आणि मग बटण दाबलं. जाताना ‘येते काका’ म्हणाली, पण आधी तिने बिलाची पावती मागितली. मी लिहून दिली. बरोबरच होतं तिचं.

भजनाला मी पुन्हा पुढं बसतो. सगळी गातो, ते भजनसुद्धा. देवाची त्यात काय चूक? त्याचं नाव कुणीही घ्यावं अशी मुभा त्यानेच ठेवली आहे. पण त्या भजनाची दुसरी ओळ संपली, की माझे कान अजून हातोडी पडायची वाट बघतात आणि तेवढ्यात माझा सूर सुटतो. पेटीवाला आता मान वळवत नाही. तो माझ्यासाठी तिथं एक मात्रा थांबतो.

भिंतीवरच्या ओळीखाली मी रंगाऱ्याकडून आणखी दोन शब्द लिहून घेतले. तो शिडीवर चढताना म्हणाला, “रंगाचे पैसे आधी दे.” मी म्हटलं, “काम बघितल्याशिवाय नाही.” तेव्हा तो त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसला.

आता तिथं असं आहे: ‘जुना पार्ट बघितल्याशिवाय पैसे नाहीत. ऐकूनही नाहीत.’ नवं गिऱ्हाईक विचारतं, हे खालचं काय हो? मग मी पाना खाली ठेवतो आणि सगळं सांगतो, भजनासकट. अजून एकदाही सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणं जमलेलं नाही.